रस्त्याच्या अलीकडे

३ जून
जिंकलो! कोर्टाने काउंटीच्या मतदारसंघांचा जुना नकाशा रद्द केला. आमच्या काळ्या वस्तीचे तीन तुकडे करून ते तीन गोऱ्या मतदारसंघांना चिकटवले होते, त्यामुळे काउंटीच्या मंडळावर आमचा माणूस कधी निवडूनच येत नसे. खटला माझ्या भावाचा, होरेसचा. चार वर्षं चपला झिजवल्या त्याने. चर्चच्या मागे मासे तळले. शेजारची विलोडीन म्हणाली, अख्ख्या अलाबामात नाव झालं. आता होरेसच उभा राहणार. हे कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही.

२० जून
नवा नकाशा आला. किंब्रोबाई, आमच्या वकील, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो पसरून बसल्या. वस्ती एक झाली, खरंय. पण हद्द आमच्याच रस्त्यावरून जाते. माझं घर आत. समोरचं होरेसचं — बाहेर!

त्याने दोनदा बोट फिरवून पाहिलं. "खटला माझा, आणि मीच बाहेर?"

वर्षभर मतदारसंघात राहिलेल्यालाच उभं राहता येतं. म्हणजे आज माझ्याकडे राहायला आला तरी उपयोग नाही. हसावं की रडावं, कळेना.

२१ जून
होरेस आला नाही. एरवी सकाळची कॉफी माझ्याकडेच असते त्याची. पडदे ओढलेले.

२४ जून
आला. म्हणतो, या नकाशाविरुद्ध पुन्हा कोर्टात जाऊ. किंब्रोबाई म्हणतात, तसं केलंत तर ही निवडणूक जुन्याच नकाशावर होऊ शकते. मी तेच बोलून दाखवलं.

"तुला काय कळतं त्यातलं, व्हर्नी?"

खरंच कळत नाही. नकाशा वस्तीसाठी मागितला होता ना? की त्याच्यासाठी? पण तो लढला नसता तर दुसरं कोण लढणार होतं? दोन्ही खरं वाटतं. डोकं नुसतं भणभणतंय.

विलोडीनच्या अंगणात पुन्हा मैलापाणी वर आलंय. नातवंडं ओट्यावरून खाली उतरत नाहीत. पाइप टाकायचे ते मंडळाने. आमच्या बाजूला टाकतंय कोण!

रविवार, २८ जून
चर्च सुटल्यावर विलोडीनने हात धरला. अर्जाची मुदत उद्या संपते आणि आमच्यातलं कुणीच उभं नाही. "लव्हर्न, तू उभी राहा."

मी म्हटलं, शाळेत पोरांना जेवण वाढण्यात जन्म गेला माझा. ती म्हणाली, "मग सगळी पोरं ओळखतात तुला. आता ती मतं देतात."

येताना होरेसकडे गेले. व्हरांड्यात एकटाच बसला होता. मला बघून खुर्ची सरकवली. म्हणाला, "पुन्हा जिंकू आपण." शेजारी बसून राहिले.

२९ जून
अर्ज भरला. नाव माझं. होरेसला अजून सांगितलेलं नाही.