पहिलं पाणी

२ सप्टेंबर

पोचले एकदाची! दोन विमानं, एक बस आणि शेवटी दगडी रस्त्यावरून खडखडत ओढलेली बॅग. विद्यापीठाने माझ्यासाठी ठरवलेलं घर शहराच्या टोकाला आहे. घरमालकिणीने दार उघडलं आणि मला असं काही कवटाळलं की बरगड्या मोडायच्याच बाकी राहिल्या. गोल, गुलाबी, सारखी हसणारी बाई. मनातल्या मनात मी तिला काकू करून टाकलं, म्हणजे तिचा घुम्या नवरा आपोआप काका झाला. काकूची आई वरच्या मजल्यावर असते, आजारी आहे, खाली येत नाही. ती आजी. एका दुपारात अख्खं गोत जमवलं मी!

खोली मस्त आहे. पलंग, टेबल, खिडकी, खिडकीतून कुंपण. बाबांना सहा महिने पटवून, रडून, अबोला धरून इथवर आलेय. चौदा नोव्हेंबरला रहिवासी कार्डासाठी बोटांचे ठसे दिले की दोन वर्षं मातीवर निवांत संशोधन. कार्ड नाही मिळालं तर गाशा गुंडाळून परत, आणि बाबा ‘मी सांगत होतो’ म्हणायला मोकळे.

एकच भानगड आहे. गरम पाण्याची टाकी एवढीशी, दिवसाला एकच टब भरतो. त्या एका टबात सगळं घर पाळीपाळीने अंघोळ करतं. घरी मला उगाच शीशीबाई म्हणत नाहीत, मी दादाच्या पेल्यातून पाणीसुद्धा पीत नाही. पण काकू म्हणाली, पाहुणी आधी, मग बाकीचे. सुटले बाई!

५ सप्टेंबर

संध्याकाळी पाचला टब भरतो. साबण लावायचा नाही. आजीला त्वचेचा कसलासा वाईट रोग आहे, तिचा नंबर शेवटचा, आणि साबणाने तिला आग होते म्हणे. पाण्यात अर्धा तास पडून राहायचं, अंग आपोआप सुटतं असं काकूने समजावलं. अंग सुटतं म्हणजे काय ते देव जाणे, माझ्या इथल्या भाषेची बोंब आहे.

खरं सांगायचं तर मलाच ओशाळं झालं. दिवसभर मातीत लोळून आलेल्या माझ्या पाण्यात काका बसणार, मग काकू, मग बिचारी आजी. शी! आईला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, त्यांच्या घरी त्यांच्या रीतीने राहा, नाकं मुरडू नकोस. बरं बाई.

१९ सप्टेंबर

कातडी लोण्यासारखी मऊ झाली आहे. थंडीने हातपाय फुटतील म्हणून केवढी व्हॅसलीन आणली होती, डबी उघडलीसुद्धा नाही.

पण आज टबातून उठताना खाली पाहिलं आणि शिसारी आली. पाण्यावर साय धरली होती. गार दुधावर धरते तशी, पातळ, सुरकुतलेली, करडी साय. माझ्या पोटरीला चिकटून वर आली. मी टब घासून देते म्हटलं, तर काकूने माझं मनगट धरलं. हसतच धरलं, पण सुटेना. टबाला हात लावायचा नाही, ते तिचं काम. आणि उद्यापासून अर्ध्याऐवजी एक तास.

६ ऑक्टोबर

प्रयोगशाळेचं दार अंगठ्याने उघडतं. आज माझ्या अंगठ्याने उघडेना. पुसला, फुंकर मारली, दुसरा लावला, तरी लाल दिवा. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी माझी बोटं उजेडात धरून पाहिली. म्हणाल्या, रेषाच नाहीत, माती चाळून चाळून झिजल्या असतील, हातमोजे घालत जा. मोबाइलही अंगठा ओळखेना, आकडे टाकून उघडावा लागतो.

बोटं गुळगुळीत आहेत. उकडलेल्या अंड्यासारखी. मला माझ्याच हाताची किळस आली, आणि चौदा नोव्हेंबर आठवला. ठसे उठलेच नाहीत तर?

१७ ऑक्टोबर

अंघोळ करून वर आले, चष्मा टबाशी राहिला म्हणून लगेच परत गेले. दार किलकिलं होतं.

काकू टबावर वाकली होती. हातात गाळणी. ती माझ्या पाण्यावरची साय हलक्या हाताने ओढत होती, कडेला निथळत होती आणि काचेच्या बरणीत थरावर थर ठेवत होती. मध्ये कागद घालून! काकाचा टॉवेल खुंटीवर कोरडा ठणठणीत. माझ्यानंतर त्या पाण्यात कोणी बसतच नाही. कधीच बसलेलं नाही. शेवटी गाळणीच्या जाळीला चिकटलेला तुकडा काकूने बोटाने काढला आणि बोट चाटलं.

मी तिथेच, उंबऱ्यावर, भडाभडा ओकले. काकूने माझी पाठ चोळली.

१८ ऑक्टोबर

तिला काही लपवावंसंही वाटत नाही. ती साय आजीला लावतात. आजीची कातडी धरत नाही, जिवंत मांसाला कपडा लागतो आणि बाई कळवळते. तुझी तर गळूनच जाणार ना, मोरीत जाण्यापेक्षा म्हातारीच्या अंगाला लागली तर काय बिघडलं, असं ती समजुतीने, डोळ्यांत पाणी आणून बोलत राहिली. मग टेबलावर माझा कार्डाचा अर्ज ठेवला. त्यावर यजमानांची सही लागते. अजून केलेली नाही.

मी मान डोलावली. चुकले. मला तिथेच ओरडून बाहेर पडायला हवं होतं, पण मला त्या म्हातारीची दया आली. आणि बाबांचं तोंड दिसलं. आजपासून चेहराही पाण्यात बुडवायचा आहे.

२९ ऑक्टोबर

आजी आज नाश्त्याला खाली आली. अंगभर झगा, हातात मोजे. काकूने मोठ्या कौतुकाने उजवा मोजा काढून दाखवला.

तो माझा हात आहे. माझा गव्हाळ रंग, मनगटावर माझा तव्याचा चटका. माझ्या मनगटावर आता तो चटका नाही, मी पाहिलं. ठिगळं लावून लावून चढवलाय. दोन ठिगळांच्या मधून लाल, ओलं काहीतरी लुकलुकत होतं आणि त्यातून पिवळट पाणी बशीत ठिबकत होतं. तिने माझा गाल कुरवाळला. मला ना गार लागलं ना परकं. स्वतःचाच हात लागावा तसं लागलं, आणि त्याचीच जास्त घाण वाटली.

मग तिने टेबलावरचा माझा मोबाइल उचलला, अंगठा टेकवला. उघडला. काका पहिल्यांदाच हसला.

३ नोव्हेंबर

निघाले होते. फाटकापर्यंतच पोचले. तळव्यांना सालच उरलेलं नाही, मोजा बुटात चिकटला, ओढला तर – नको. काकाने मला खांद्यावर टाकून आत आणलं. समोरची बाई कुंपणापलीकडून हात हलवत होती, तिला वाटलं गंमत चाललीय. मी ओरडले ते मराठीत. मेलं नेमक्या वेळी दुसरं काही सुचलंच नाही.

मोबाइलचे आकडे बदललेत. दाराला कुलूप. तंत्रज्ञ बाई चौकशीला आल्या होत्या, काकूने दारातूनच सांगितलं – ताप आहे, संसर्ग आहे. त्या फुलं ठेवून गेल्या.

ही वही तेवढी ठेवलीय माझ्याकडे. त्यांना मराठी वाचता येत नाही ना.

९ नोव्हेंबर

आता दिवसातून दोनदा टब भरतात. टाकी एवढीशी हीही थापच. काका उचलून टाकतो.

चादर अंगाला चिकटते. सोडवताना – मग ती चादरही काकू नेते, झटकते, बघते काही मिळतंय का. वास येतो. माझाच. कच्च्या मटणाच्या दुकानासारखा. ओकायला होतं पण पोटात काही नाही.

भुवया गेल्या. ओठ – कप लागला की –

पेन निसटतं. कापड गुंडाळून धरलंय.

१४ नोव्हेंबर

सकाळी गेले तिघं. आजी माझ्या कोटात, माझ्या बुटात. माझी केसांची क्लिप. अर्जावर सही झाली.

दुपारी आले. ठसे लगेच उठले म्हणे – दहाच्या दहा. काकूने कार्ड माझ्यासमोर धरलं, दाखवायला. फोटोत मी आहे. हसतेय. चांगली दिसतेय –

मग मोबाइल वाजला. आई.

आजीने उचलला. व्हिडिओवर. बोलली नाही, नुसतं कानाला हात लावून मान हलवली. आईला वाटलं आवाज जात नाहीये. म्हणाली असू दे, नुसतं बघू दे मला. किती तेज आलंय गं तोंडावर. तिकडचं पाणी मानवलं तुला –

मी ओरडले. ओठ नाहीत, नुसती हवा – आई म्हणाली मागे कुकर आहे का. काकूने दार लावलं.

दारातून ऐकलं सगळं. बाबांचा राग गेला. बाबाच म्हणाले जाऊ या. तिकिटं काढली. पुढच्या शनिवारी येतात. दोघं. त्याच घरी उतरू, आई म्हणाली, किती माया लावलीय त्यांनी पोरीला –

काकू जिन्यावर गाणं म्हणतेय. काका आणखी बरण्या धुतोय – मोठ्या –

आई येऊ नकोस. फाटकात जी उभी असेल ती मी नाही. तिला जवळ घेऊ नकोस. बाबा, मला ओरडा, काही म्हणा, पण येऊ – मी वर आहे, आई, मागच्या खोलीत, तू मला बघून घाबरशील पण तीच मी – तिचा हात धरू नकोस, तो माझा – आई, तुला कळेल ना, तू हात लावलास तर तुला –