टॅबवर बहात्तर

६ जानेवारी, सोमवार

आज नाशकात माझे स्वतःचे टेबल झाले. सकाळच्या गाडीने नांदगावहून आले. अम्मीने दिलेल्या मेथीच्या पराठ्यांचा वास साऱ्या डब्यात पसरला आणि मी लाजून पुस्तकात तोंड खुपसले. दहावीला तालुक्यात मराठीत पहिली आलेली आफिया आता मराठीवरच पोट भरणार, याचा अब्बूंना फार आनंद आहे. रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी उजळणी करावी लागते. तिचे पाठ लिहिणे हे माझे काम. प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख शेखर सर उत्साही गृहस्थ आहेत. त्यांची सूचना एकच: पाठ असा लिहा, की कोणाला झोप येऊ नये आणि कोणाला तो सोपा वाटू नये. केंद्रामागे द्राक्षांची बाग आहे, आणि खिडकी माझ्याच बाजूला.

८ जानेवारी, बुधवार

पहिला वर्ग मागच्या बाकावरून पाहिला. रबरी बाहुलीच्या छातीवर एकेक जण दाब देत होता आणि ज्यांची पाळी नव्हती ते डुलक्या घेत होते. पेठकडच्या रुग्णवाहिकेवरचे लखनदादा या कामात मुरलेले आहेत. ते म्हणाले, की ही बाई लय शिस्तीची हाय. ओकत नाय, शिव्या देत नाय, हिचा नवराबी अंगावर येत नाय. वर्ग हसला. मी संध्याकाळी धीर करून सरांना सुचवले, की बाहुलीच्या जागी जिवंत माणूस झोपवावे. सरांनी विचारले, की मग तुम्हीच का नाही. बेशुद्ध रुग्णाला कोणाशी बोलावे लागत नाही, एवढ्याच विचाराने मी होकार दिला.

१३ जानेवारी, सोमवार

आज मी हृदयविकाराची रुग्ण झाले. बोटाला चिमटा, छातीला तारा. पण उशाशी ठेवलेला मॉनिटर खोटा. त्यावरचे नाडीचे आकडे सर काचेपलीकडे बसून टॅबवर ठरवतात. वर्ग खडबडून जागा झाला. अडचण एकच आली: मी कण्हले की सगळे थबकत आणि खरेच दुखले का, असे विचारत. सर म्हणाले, अशाने परीक्षा सोपी होते. तेव्हा मी नियम लिहून दिला: ‘रुग्ण विनवील, हे नाटक नाही असेही म्हणेल. रुग्णाच्या शब्दांवर विसंबू नका, मॉनिटरवर विसंबा.’ सरांनी तो मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावला. माझे वाक्य प्रथमच भिंतीवर गेले. येता-जाता मी ते वाचते.

१५ जानेवारी, बुधवार

कालच्या तिळगुळाने वर्ग सुस्त होता, म्हणून सरांनी प्रसंग कठीण केला. नाडी हळूहळू चाळीसवर आणली. आकडा उतरला तशी माझी बोटे गार पडली, डोळ्यांपुढे अंधारले. चादरीखाली मी स्वतःचे मनगट धरून पाहिले. मॉनिटरवर जो आकडा, तोच हाताला लागत होता. शेवटी सरांनी बहात्तर करून टॅब कपाटात ठेवला आणि मला लगेच बरे वाटले. माझी कल्पनाशक्ती दांडगी आहे, असे अम्मी नेहमी म्हणते.

१७ जानेवारी, शुक्रवार

चहाच्या वेळी सर टॅबशी चाळा करीत होते. माझ्या अंगावर एकही तार नव्हती. तरीही छाती अशी धडधडली, की हातातला कप पडला. टॅबवर एकशे साठ होते. मी सरांना सर्व सांगितले. ते प्रसन्नपणे हसले. भूमिका अशी अंगात भिनली पाहिजे, म्हणाले, आणि चहा पुसायला फडके दिले.

१८ जानेवारी, शनिवार

डॉक्टरांकडे गेले. जिना धावत चढले, तरी नाडी बहात्तर. बसून मोजली, तरी बहात्तर. त्या कौतुकाने म्हणाल्या, की मुली, तुझ्या नाडीवर घड्याळ लावून घ्यावे. काल सरांनी बहात्तरवर ठेवूनच टॅब कपाटात बंद केला होता.

२० जानेवारी, सोमवार

अंतिम परीक्षा शुक्रवारी. प्रसंग असा: सर्व काही बरोबर करूनही रुग्ण दगावतो. रेघ सरळ होते आणि सरळच राहते. बाहुलीवर घ्या, म्हणून मी सरांना विनवले. ते म्हणाले, बाहुली मेली तर कोणाला घाम फुटतो का; आणि जिवंत माणसाची कल्पना तर तुमचीच. उद्या बाहुलीवर थोडी चाचणी घेणार आहेत.

२१ जानेवारी, मंगळवार

न सांगता घरी निघाले. निफाड येईपर्यंत ठीक होते. मग खिडकीतले द्राक्षमळे विझले. लोकांनी फलाटावर उतरवले, तोंडावर पाणी मारले. काही वेळाने नाडी आपोआप परतली — चाचणी संपली असावी. अंतराचा उपयोग नाही. परत आले.

२२ जानेवारी, बुधवार

लखनदादांना सारे सांगितले. परक्या माणसाशी मी आयुष्यात इतके बोलले नव्हते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, की ताई, लय भारी करता, पण आता आम्ही फसणार नाय. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवले. मी मनगट पुढे केले. त्यांनी ते थोपटले.

२३ जानेवारी, गुरुवार

टॅब फोडावा. पण फुटला, तर आकडा कोणता राहील —

राजीनामा दिला तरी — तारांची त्याला गरज नाही. अम्मीचा फोन आला. जेवलीस का, विचारले. हो म्हटले.

२४ जानेवारी, शुक्रवार

खाटेवर आहे. वही चादरीखाली. इथे निदान वाचवणारे हात आहेत, म्हणून झोपले —

काचेपलीकडे सर. ‘छान’ म्हणून अंगठा उंचावला त्यांनी.

अठ्ठावन्न.

लखनदादा आले. म्हटले, हे नाटक नाही, मनगट धरा, सरांना थांबवा. हसून म्हणाले, की पाठ हाय, ताई. मॉनिटरकडे वळले —

चाळीस. बोटे गार —

ही वही ज्याला सापडेल त्याने — भिंतीवरचे वाक्य माझे आहे, ते पुसा — त्या जागी असे लिहा — रुग्णाच्या शब्दांवर —