तासाभराचा रस्ता

आये, आपली ती गाडी दोनशेवीसनं पळत नाही. तू होतीस तेव्हाही पळत नव्हती. तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर हे सांगते आहे, म्हणजे वरातीमागून घोडं. पण तू तो आकडा मनात धरून बसली होतीस हे मला तरी कुठं ठाऊक होतं? परवा शिमग्याला चुलतीनं सांगितलं तेव्हा कळलं. त्या दिवसापासून शोरूममध्ये कुणी गाडीचा वेग विचारला की माझं बोलणं मध्येच तुटतं. शेजारच्या टेबलावरची पोरगी विचारते, मॅडम, बरं नाही का? मी तिला ॲसिडिटी सांगते.

गाडी पहिल्यांदा वाडीवर आणली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. पोलादपूर सोडून वर चढताना दोन ठिकाणी खालून दगड लागेल असं वाटलं, पण लागला नाही. असल्या गाड्या उंच असतात, म्हणून तर लोक घेतात. तू चार लिंबं घेऊन दारात उभी होतीस. कुंकू चुलतीनं लावलं. बाबा गेल्यापासून असल्या कामाला तू पुढं होत नसायचीस, कुणी म्हणायच्या आतच मागं सरकायचीस. मला ते कधी आवडलं नाही आणि मी त्याबद्दल कधी बोललेही नाही. मग मी म्हटलं, चल, महाडला बाजाराला जाऊन येऊ. तू पुढं बसलीस, पट्टा लावून घेतलास आणि तो दोन्ही हातांनी धरून ठेवलास, एसटीत दांडा धरावा तसा. तुझे जावई मागं बसले. गाडी मी चालवत होते, म्हणून तुझी मान अशी ताठ होती की वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला ती दिसावी.

अर्ध्या वाटेवर तू विचारलंस, "ह्ये आकडे कसले गो?"

"तासाला किती किलोमीटर, ते."

"शेवटाला दोनशेवीस हाय."

"हो."

"मंग चाळीसवर काय चालवतेस? बैलगाडी हाय काय?"

मागून जावई हसले. मीही हसले. थोडं पुढं गेल्यावर तू विचारलंस, "आनि ठानं किती लांब आपल्यापास्नं?" मी म्हटलं, असेल पावणेदोनशे किलोमीटर. तू खिडकीतून बाहेर बघत राहिलीस. मला वाटलं, सावित्रीचं पाणी बघते आहेस. तू हिशेब करत होतीस. महाडच्या बाजारात वाल आणि कुळीथ विकताना तुझा तोंडी हिशेब कधी चुकला नाही, तसा तोही चुकला नव्हता. दोनशेवीसनं पावणेदोनशे, म्हणजे तासाच्या आत पोर घरी. गणित बरोबर होतं. आकडा खोटा होता, आणि तो खोटा आहे हे सांगायचं ज्या बाईचं कामच आहे ती तुझ्या शेजारी बसून गाडी चालवत होती.

कारण हेच मी दिवसभर लोकांना समजावत असते, आये. वयस्क माणसं ॲव्हरेज विचारतात, तरणी पोरं विचारतात, टॉप किती? मग मी सांगते, मीटरवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. तेच मीटर कंपनी चार तऱ्हेच्या गाड्यांना बसवते, आणि काटा टोकाला टेकू नये म्हणून पुढं जागा सोडते. ह्या गाडीचा खरा टॉप एकशे साठच्या आसपास. तोसुद्धा सपाट, सरळ, मोकळ्या रस्त्यावर, काचा बंद करून. इंजिन लहान असतं. शेवटचा गिअर पेट्रोल वाचवायला दिलेला असतो, खरा वेग त्याच्या आधीच्या गिअरमध्ये मिळतो. आणि सगळ्यात मोठा वैरी वारा. तू खळ्यात सूप आडवं धरायचीस तेव्हा वारा नुसता सरकून जायचा, आणि उभं धरलंस की हात मागं ढकलायचा. ही गाडी उभ्या सुपासारखी. तेवढंच इंजिन बसक्या गाडीत घातलं तर ती हिच्या पुढं निघून जाईल. वेग दुप्पट केला की वारा चौपट रेटतो, म्हणून ऐंशीपर्यंत गाडी लोण्यासारखी जाते आणि पुढच्या प्रत्येक दहासाठी इंजिन नुसतं ओरडतं. टपावर तो कॅरिअर होता, तुझे तांदूळ आणि फणस न्यायला जावयांनी बसवलेला, तो आणखी वारा अडवायचा. सपाटीला ओझ्यानं टॉपमध्ये फारसा फरक पडत नाही, पण चढ लागला की प्रत्येक पोतं जाणवतं. टायरमध्ये हवा कमी असली, एसी चालू असला, ऊन कडक असलं, की थोडं थोडं कमी होत जातं. हे सगळं मी अनोळखी माणसांना, त्यांच्या मेव्हण्यांना, एकदा तर नुसत्या पावसातून आडोशाला आलेल्या एका गृहस्थांनाही समजावलं आहे. तुला नाही समजावलं. तू वाडीभर सांगत सुटली होतीस, दोनशेवीसची गाडी हाय माझ्या पोरीची, आणि मला त्याची गंमत वाटत होती. म्हटलं, मिरवू दे.

आणि मग तो शिमगा. बाबा गेल्यावर पालखी आपल्या दारात यायची तेव्हा देवीची ओटी चुलती भरायची. तू तांदूळ निवडायचीस, खण आणायचीस, नारळ सोलून ठेवायचीस, आणि ताट तिच्या हातात देऊन पडवीच्या खांबाला टेकून उभी राहायचीस. त्या वर्षी तू फोनवर म्हणालीस, "औंदा तू ये गो. घरच्या लेकीनं भरूदे ओटी. गाडी हाय ना तुझी." मार्च महिना, शोरूममध्ये वर्षाचं टार्गेट, सुट्टी मिळाली एका दिवसाची. जावयांची ड्युटी होती. मी म्हटलं, सकाळी निघते. उजाडता उजाडता निघाले. पनवेल सोडलं आणि तुझा फोन. "पालखी खालच्या वाडीत आलीया. निघालीस का?" मी म्हटलं, "निघाले आये, वाटेत आहे." तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्या "बरं"मध्ये किती खात्री होती ते आता उमगतं.

तेव्हा रस्त्याचं काम चालू होतं. इकडून खोदलेला, तिकडून वळवलेला, धुळीनं पुढची गाडी दिसायची नाही. शिमग्याला निघालेली सगळी मुंबई त्या एका पट्ट्यावर. वडखळला कोंडी, माणगावला कोंडी, आणि कशेडीत कुठला ट्रक आडवा झालेला, त्याची रांग पार पोलादपूरपर्यंत. मी वाडीवर पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. अंगणात गुलाल सांडलेला, झेंडूच्या पाकळ्या पायाखाली चुरगळलेल्या. ढोल पलीकडच्या वाडीत वाजत होता.  तू पान वाढलंस, पुरणपोळीवर तूप घातलंस आणि समोर बसून एवढंच विचारलंस, "वाटंत कुठं थांबली व्हतीस का?"

मी म्हटलं, "नाही गं, कुठंच नाही. सरळ आले."

तू मान हलवलीस आणि आमटी आणायला उठलीस.

त्यानंतर दोन शिमगे तू होतीस. दोन्ही वेळा तू ये म्हणाली नाहीस. "तुला काम असतं गो, राहूदे," म्हणायचीस. मला वाटायचं, आई समजूतदार झाली. खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

या वर्षी आम्ही आदल्या दिवशीच आलो आणि चुलतीकडे उतरलो. रस्ता आता पुष्कळ सुधारला आहे. पालखी आली, मी ओटी भरली, ढोल पुढं गेला. चुलती पडवीत काजू फोडत बसली होती, मी तिच्याजवळ बसले. ती सहज बोलावं तसं बोलली, "तुझी आये आज असायला पायजे व्हती. त्या साली तिनं पालखी धरून ठेवली व्हती, ठावं हाय ना?"

मी म्हटलं, नाही.

"आगो, मानकऱ्यांच्या हातापाया पडली. यक तास विसावा घ्या, माजी पोर निघालीया, तिची गाडी दोनशेवीसची हाय, आली की आली. त्यांनीपन ठेवली बिचाऱ्यांनी पडवीत. सरबत दिलान सगळ्यांना. तास झाला, आनिक अर्धा झाला. ती आपली वळणावर जातेय नि येतेय. शेवटाला मानकरी म्हनले, वैनी, अजून पाच घरं हायेत. मंग मीच भरली ओटी."

"मग?"

"मंग काय. लोकांना म्हनली, सायबानं आडवली असंल. पन दिवं लागल्यावर माज्याकडं येऊन बसली. म्हनाली, यक तासाचा रस्ता. वाटंत कुठं थांबली पन नाय, तिच्याच तोंडानं सांगितलान. म्हंजे म्या फोन केला तवा निघालीच नव्हती गो ती. तिला यायचं नव्हतं." चुलतीनं काजूचा गर सुपात टाकला. "मी म्हनलं, असं नसंल. तर म्हनाली, हिसाब कर ना तू."

मी चुलतीला काही समजावलं नाही. तिला वारा आणि इंजिन आणि टॉप सांगून काय उपयोग? ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं ते त्या पडवीत नव्हतं. मी उठले, विहिरीकडे गेले आणि तिथं पोटभर रडले. जावई शोधत आले, त्यांनाही ॲसिडिटीच सांगितली.

तुझा राग आला नाही असं नाही, आये. एकदा विचारायचंस मला. का गो उशीर केलास, म्हणून चार शिव्या द्यायच्यास, मी लगेच भांडले असते आणि भांडताना सगळं बाहेर आलं असतं. आपण दोघी भांडणात पटाईत होतो. पण तू त्या दिवशी तूप वाढलंस. ज्याच्यावर खरंच रागवायचीस त्याला तू जास्त तूप वाढायचीस, हे मी विसरले होते. आणि मग तू ते मनात घेऊन गेलीस, की पोर वाढवली, शिकवली, तिनं गाडी घेतली, आणि तिला तासाभराच्या रस्त्यावरून यायचं नव्हतं. माणसं रुसून जातात तेव्हा पाठीमागे निदान भांडण तरी राहतं. तू रुसलीसुद्धा नाहीस. तू हिशेब केलास आणि मान्य केलास. मला ते फार लागतं.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. चुलतीला तर नाहीच, कारण ती सबंध वाडीला सांगेल, आणि आता जे लिहिणार आहे ते वाडीला कळावं असं तुला आवडलं नसतं. वेग कशाकशानं कमी होतो ते मी वर सगळं लिहिलं. चालवणारीचं लिहायचं राहिलं. मला वेगाची भीती वाटते, आये. गाड्या विकते, टॉप समजावते, पण साठच्या वर काटा गेला की माझे तळवे ओले होतात. ठाण्यात शोरूम ते घर, आणि तुला मिरवायला वाडीवरून महाड, एवढीच मी ड्रायव्हर. लांब जायचं तर जावईच चालवायचे. त्या शिमग्याला मी पहिल्यांदा एकटी निघाले होते. कोंडी होती हे खरं, पण लोणेऱ्याच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला तिथंही मी चाळीसनंच येत होते आणि ट्रकवाले हॉर्न मारून शिव्या देत पुढं जात होते. आणि मी वाटेत थांबलेही होते. वडखळला, एका हॉटेलच्या मागच्या बाजूला, गाडी बंद करून. एक कंटेनर अगदी घासून गेला होता आणि पुन्हा किल्ली फिरवायचा मला धीर होईना. किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हटलं, कारण तू वाडीभर सांगत होतीस माझी पोर कशी गाडी चालवते ते, आणि मला तुझ्यापुढं भित्री दिसायचं नव्हतं. तिथून ठाणं जवळ होतं, आये. यायचं नसतं, तर मी वडखळहूनच मागं फिरले असते.