हिरव्या औषधाचा दगा

मंगळवार, ४ जून
आणि वर म्हणते कशी, दुखो न दुखो, दर चार तासांनी टोपणभर घ्या! नर्स अटिमचं काय जातंय? बाटली हातात कोंबली, मोटरसायकलवर बसली, गेली. औषध कसलं, हिरवं पाणी. प्यायले, वाट बघितली, ढिम्म काही नाही. सुई टोच म्हटलं तर हसली मेली. छातीतली गाठ म्हणजे नुसती सूज. पाठ केळ्याचे घड उचलून धरलीय. जाईल.

बुधवार, ५ जून
ठरलं. बाटली शनिवारसाठी राखायची. त्या दिवशी भाची नसोलोच्या सासरचे रीतीप्रमाणे मागणी घालायला येणार. पाहुण्यांच्या घोळक्यातून नवरदेव हुडकायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. धाकटी नाल्वोगा म्हणते, ताई, तुला उभं राहवत नाही, मी हुडकते. म्हटलं, माझं मढं उठलं की हुडक.
रोज ढोसून अंगाला सवय लावायची आणि ऐन वेळी औषध बोथट? एवढी अक्कल आहे मला.

गुरुवार
शेजारीण म्हणते, ओरडत होतीस. बकरी असेल.

शनिवार, ८ जून, संध्याकाळ
दगा! पाहुणे फाटकाशी आले तेव्हा टोपण घशात ओतलं. आता उतरेल, मग उतरेल. गाणी संपली. पाठीत निखारे. उठता येईना. नाल्वोगा म्हणाली, तू बस गं, आणि माझ्या डोळ्यांदेखत नवरदेवाचा हात धरून घेऊन आली. टाळ्या!
जेवणाला मटोकेची, वाफवलेल्या केळ्यांची, पानं उघडली तेव्हा कुठे औषध लागू पडलं. उभी राहिले. चांगली अंगणभर चालले. सगळे जेवत होते, एकानंही मान वर केली नाही.

सोमवार, १० जून
अटिमला धुतलं. म्हणाली, माई, औषध थेट पाठीत जात नाही. आधी पोट, मग आतडं, मग यकृत. यकृत नाक्यावरच्या पोलिसासारखं, ट्रकातले निम्म्याहून जास्त घड उतरवून घेतं, मग पुढे सोडतं. दुखणं चढल्यावर ट्रक हाकललात तर पोचेपर्यंत बाजार उठतो. म्हणून पहिला माल संपायच्या आत दुसरा निघायला हवा.
म्हणजे दगाबाज माझ्याच पोटात! जन्मभर पोसला मेल्याला.
बरं, आता वेळेवर घेते. डिसेंबरात नसोलोचं चर्चमधलं लग्न, आत्याला पहिला बाक. म्हटलं, तोवरच्या बाटल्या आत्ताच ठेवून जा. अटिम झाकण घट्ट करत बसली. घट्टच होतं ते.
 तिला बजावलंय: त्या बाकावर मी असेन की नाल्वोगा? शुक्रवारी येशील तेव्हा तोंडावर सांगायचं.