कावळ्यानं कुणाचं ऐकलं

५ ऑगस्ट, मंगळवार

मॅडम म्हनल्या, काकू, रोज दोन ओळी लिवा, मनात येईल ते. वही पन त्यांनीच दिली. माझ्या मनात काय येनार? पाऊस उघडावा. सरपन वाळावं. झाल्या दोन ओळी.

(मॅडमला हितनं पुढं मॅ. लिवनार. बोटं दुखत्यात.)

मॅ. उत्रोलीच्या. आमच्या पडवीच्या खोलीत भाड्यानं ऱ्हात्यात, कारन पासलीकडच्या ह्या डोंगरात ST कवा यील आन कवा न्हाई. नोकरी काय, तर सहावी ते दहावीच्या पोरांचा मनाचा तास घ्यायचा आन त्याचे पाठ सोता तयार करायचे. रागाचा पाठ, भीतीचा पाठ, मैत्रीचा पाठ. आधी माझ्यावर करून बघत्यात.

"काकू, आत्ता तुमच्या मनात कुठली भावना आहे?"

"च्याची."

लिवून घेतलं हो बाईनं. मग हसली.

ह्ये ओट्यावर खोकले. जाऊन तीन वर्सं झाली, खोकला काय जात न्हाई. म्या आतनंच म्हनले, मफलर घ्या की. मॅ. म्हनल्या, कोनाशी बोलता? म्हनले, मांजराशी.

आमच्यात मांजर न्हाई.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मॅ. रडवेल्या तोंडानं आल्या. दहावीचा तास बिघडला.

झालं आसं. त्यांनी पुठ्ठ्याची चित्रं केली हुती. आनंदाला पोपट, रागाला कोंबडा, भीतीला ससा. दुःखाला कावळा. पोरांनी एकेक उचलायचं आन बोलायचं. बबनच्या सोनालीच्या हातात नेमका कावळा. पोरीनं तो उलटा ठेवला, चपला घातल्या आन घरी. तास सुरू, मास्तर बघतायत, तरी घरी.

"मी काय चुकले काकू?"

म्या इचारलं, तुमच्यात मानूस गेल्यावर कावळ्याला पिंड ठेवत न्हाईत? म्हनल्या, न्हाई, आमच्या घरी बुद्धवंदना. बाबा गेले तेव्हा तेवढंच झालं.

मग सांगितलं. आमच्यात धाव्याला, मानूस गेल्याच्या धाव्या दिशी, नदीवर पिंड ठेवत्यात. कावळा शिवला तर मानूस सुखानं गेला. न्हाई शिवला तर त्याच्या मनात काय तरी ऱ्हायलंय. मग घरचे एकेक करून मोठ्यानं वचन देत्यात, तुझी गाय सांभाळू, तुझं घर पुरं करू. ज्या वचनाला कावळा शिवंल ती त्याची इच्छा. आन दिलेलं वचन मोडायचं न्हाई.

बबन गेल्या वर्साला भाताच्या लावनीत गेला. चिखलात बसला तो उठलाच न्हाई. धाव्याला कावळे समोर झाडावर, पन खाली येईनात. ऊन चढलं. त्याच्या भावानं, दत्तूनं, काय काय वचनं दिली. शेवटाला वरडला, "तुझ्या सोनालीला यंदा-फुडल्या वर्साला चांगल्या घरात देतो!"

आन कावळा शिवला.

मॅ. म्हनल्या, "ती पंधरा वर्षांची आहे."

व्हय. आन आता साऱ्या गावाला ठावं झालंय की बापाची इच्छा ती.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. नारळीभात केला. ह्यांच्या फोटोफुडं वाटी ठेवली.

कालपासनं डोस्क्यात कावळाच. ह्यांच्या धाव्याला काय झालं म्हाईताय? पान भुईला टेकायच्या आत कावळा हजर! भटजी म्हनला, वा, पुन्यवान मानूस, काय इच्छा ऱ्हायली न्हाई. सारे खूश. म्या मातर जळले. एवढा संसार केला आन बायकूत जीव म्हनून आडकला न्हाई? निदान दुपार तरी करायची. लोक काय म्हनले आसते, बघा, हिच्यासाठी थांबलाय.

आज तोंडावर म्हनले त्यांना. खोकले. एवढंच येतं त्यांना.

१३ ऑगस्ट, बुधवार

सोनाली पान्याला आली. हंडा भरून वाहतोय, ही बांधाकडं बघतीया.

"काय गं, कोन हाय तिथं?"

"काकी, हसनार न्हाई ना? बापू हाय. पावसाचा कागद पांघरून हुभा ऱ्हातो. मी वही उघडली की दिसतो. लगीन ठरंपर्यंत जानार न्हाई."

"बोलतो काय?"

"बघतो नुसता."

मला हसू कसलं येतंय. माझा तर खोकतो.

दत्तूनं पाव्हनं बोलावलेत. सर्वपित्री आमुशा झाली की बघायला येनार, लगेच सुपारी फोडायची. लगीन मागनं, पन शाळा तवाच बंद, तिकडच्यांना लई शिकल्याली नको. पोरीला भोरला जाऊन नर्सचं शिकायचंय. आईला, विमलला इचारलं. म्हनती, "ह्यांचीच इच्छा आसंल तर मी कोन आडवनारी?"

मॅ. तापल्या. कायद्यानं थांबवते, तक्रार करते. म्या म्हनले, करा, जरूर करा, ती तर करायचीच. पन कायदा दत्तूला आडवंल. बांधावरच्या बापाला कोन आडवनार? पोरगी जलमभर म्हनत बसंल, मी बापाला लोंबकळत ठेवलं.

मॅ.नी वही काढली. फुडचा पाठ ह्याच्यावरच घेते म्हनल्या. नाव न घेता.

१८ ऑगस्ट, श्रावनी सोमवार

शाळा लौकर सुटली. दोघी पाठ करत बसलो. मॅ. लिवतात, उद्दिष्ट. साहित्य. कृती. म्या वरी निवडत बसले, उपास.

त्यांचं म्हननं, एक रिकामी खुर्ची मांडायची. गेलेलं मानूस तिथं बसलंय आसं समजून त्याला जे बोलायचं ऱ्हायलं ते बोलायचं.

म्हनले, बाई, तुमी खुर्ची मांडा, पोरं खिडकीतनं उड्या मारतील. आन दुसऱ्या दिवशी गाव तुमाला देवरुषीन म्हनंल. भाडं वाढवीन मी.

"मग तुम्हीच सांगा."

मला काय सांगता येतंय. एवढंच म्हनले, लावनीत बाया खरं बोलत्यात. वाकल्यालं आसतं, कुनाचं तोंड कुनाला दिसत न्हाई, हात कामात. सासूपासनं सवतीपर्यंत सारं निगतं.

मॅ.नी लिवलं: एकामागं एक बसवने. हाताला काम. विषय: जे बोलायचं ऱ्हायलं.

साहित्याच्या जागी लिवलं, घेवडा. माझ्या परसातला. फुकट.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आठवीवर करून बघितला, शेंगांची टोपली घेऊन मी पन गेले. फज्जा!

पोरं एकामागं एक बसली, शेंगा सोलायच्या सोडून एकमेकाच्या कॉलरीत घातल्या. जे बोलायचं ऱ्हायलं ते बोला म्हनल्यावर एक म्हनतो, "मॅडम, मला एकीला जायचं ऱ्हायलं." मला हसू आवरंना. मॅ. माझ्यावर चिडल्या. अर्धा घेवडा गेला.

वाटनं म्हनल्या, "काकू, लावणीत आधी कोण बोलतं?"

आधी? इचार केला. म्हनले, आधी म्हातारी बोलती. सोताचं काय तरी फोडती. मग बाकीच्या.

त्यांनी वाटंतच वही काढली, काय तरी लिवलं, मला दावलं न्हाई. 

१ सप्टेंबर, सोमवार

गवरी जेवल्या. ह्यांना पुरनपोळी लई आवडायची. आज ओट्यावर काय सुदीक आवाज न्हाई. बरं वाटायला हवं हुतं. मी दोनदा बाहेर जाऊन बघून आले.

सोनाली गवरीच्या दर्शनाला आली ती चुलीशेजारी बसली. म्हनली, बापू आता दारापातूर येतो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

चूल मागनं, आधी लिवते.

दहावीचा तास. एकामागं एक बसवली, घेवडा वाटला. मी कोपऱ्यात टोपली घेऊन. मॅ. रांगेत बसल्या, पोरांकडं पाठ करून. आन आधी त्याच बोलल्या. म्हनल्या, माझे बाबा गेले तवा मी परीक्षेला हुते. फोन आला हुता, म्या उचलला न्हाई, पेपर झाल्यावर करते म्हनलं. त्यांना काय सांगायचं हुतं ते मला कधी कळनार न्हाई.

मला पन हे ठावं नव्हतं. एका घरात ऱ्हातो आमी.

मग नुसता शेंगांचा आवाज. एक पोरगं बोललं, आजीला भांडून गेलो हुतो. एक पोरगी बोलली, काय ते म्या हितं लिवनार न्हाई, तिचं हाय.

मग सोनाली. खाली मान घालून, शेंग सोलतच:

"कावळा शिवला तवा काका बोलला, ते सगळ्यांनी ऐकलं. पन तवाच मी पन बोलले हुते. मनात. बापू, मला शिकायचंय, मला थांबवू नको. तेवढ्यात कावळा आला. मग त्यानं कुनाचं ऐकलं?"

कुनी हात हलवंना.

मागनं एक पोरगं, "काकाचा आवाज मोठा हुता की."

दुसरी वसकली, "कावळ्याला काय कमी ऐकू येतं व्हय रं?"

लागली पोरं भांडायला. मॅ.नी वही बघितली. फुडं काय लिवल्यालं नव्हतं. म्हनल्या, "मला माहीत नाही, सोनाली. पण तू विचारलंस." घंटा झाली तरी पोरं उठंनात.

पोरगी वर्सभर हे एकटी घेऊन फिरत हुती.

१३ सप्टेंबर, शनिवार

दत्तूकडं गेले. उद्या बबनचा पयला म्हाळ, पित्राचं पान ठेवायचं, दत्तू केळीची पानं पुसत हुता.

"ये काकी. च्या?"

"साखर आसंल तर. दत्तू, धाव्याला कावळा शिवला तवा कोन बोलत हुतं रं?"

"मीच की. साऱ्यांनी ऐकलं."

"पोरगी पन बोलत हुती. मनात." आन सांगितलं. पोरीला इचारून सांगितलं, ती म्हनली, तुमीच सांगा, माझं तोंड उघडत न्हाई.

दत्तूनं हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हनला, "मनातलं कावळ्याला कसं कळंल, काकी?"

"मग बबन तरी कुटं मोठ्यानं बोलतोय?"

हसला न्हाई. म्या हसवायला म्हनले हुते. खाली बसला. म्हनला, "तुमाला चेष्टा. मला भ्या वाटतं. आढ्यावर पावलं वाजत्यात. वचन मोडलं आन माझ्या लेकराला काय झालं तर? तो माझा थोरला भाऊ. जिता हुता तवा त्याचं कधी ऐकलं न्हाई म्या. एवढं तरी ऐकू द्या."

म्या च्या संपवला.

मी उठताना दत्तू म्हनला, "उद्या पान ठेवल्यावर तिला म्हनावं, मोठ्यानं बोल. मी पन बोलतो. बघू."

मॅ.ला हे पटलं न्हाई. "काकू, मुलीचं आयुष्य कावळ्यावर सोडायचं? तक्रारीचा अर्ज तयार आहे माझा, सोमवारी देणार." द्या म्हनले. दोन्ही होऊ दे. पन उद्या ती मोठ्यानं बोलली तर कावळा येवो न येवो, बोलली तर आसंल.

घरी येताना वाटंतच बसले. ह्यांचा धावा आठवला. पान टेकायच्या आत कावळा आला, व्हय. पन त्याच्या आधी म्या मनात काय म्हनले हुते? म्हनले हुते, जावा आता. लई धाप लागत हुती तुमाला. माझं मी बघते, जावा.

म्हंजी इच्छा ऱ्हायली नव्हती आसं न्हाई.

जलमात पयल्यांदा माझं ऐकलं.

आन मी तीन वर्सं टोमने मारतीया.

१४ सप्टेंबर, रविवार. अष्टमी

घाईत. दत्तूचं आंगन हितनं दिसतं; तिकडं चटनी कमी पडली म्हनून घरी आले, तेवढ्यात चार ओळी.

पान पत्र्यावर ठेवलंय. वडे, खीर, भाजी, सारं. कावळा समोरच्या आंब्यावर हाय, मान वाकडी करून बघतोय, खाली येत न्हाई. दत्तू हात जोडून हुभा, त्याचं बोलून झालं. विमल दाराच्या आत. मॅ. पन आल्यात, छत्री घेऊन, लांब. आमच्यात न्हाई म्हनत हुत्या, आन डोळा कावळ्यावरनं हालत न्हाई.

सोनाली पत्र्याखाली हुभी हाय. ओठ हालतायत. आवाज अजून न्हाई. दत्तू तिला म्हनला, "बोल गं. थांबतो मी." आसं म्हनला. थांबतो मी.

ह्ये खोकले आत्ता.

आहो, उठा की. खोकत काय बसलाय. तुमी तिकडचे, बबन तुमाला मानायचा. जरा फुडं जावा आन त्याला सांगा, पोरगी बोलतीया, नीट ऐक. मग परत या. ह्या बारीला जावा म्हनले म्हनून कायमचं जाऊ नका.

हाका मारतायत. चटनीची वाटी कुटं ठेवली मी

पोरीचा आवाज आला वाटतं.