मागच्या रांगेतला खोकला

४ जानेवारी
हिची शोकसभा झाली. स्टेजवर बसा म्हणत होते. नको म्हटलं. मागच्या रांगेत, दाराजवळ बसलो. ती माझी जागा. एक पुढारी माइकवर पुटपुटत होता, एक अक्षर कळलं नाही. सवयीनं खोकलो. त्यानं आवाज चढवला नाही. ही असती तर चढवला असता!

५ जानेवारी
खोकायचो कशाला, ते लिहून ठेवतो. विसरलो तर?

हिच्या पहिल्या कार्यक्रमात संयोजकानं जाहीर केलं — आता बाई गाणं म्हणतील. बाईनं एकटीनं उभं राहून लोकांना हसवायचं, हे तोवर कुणी पाहिलंच नव्हतं. ही माइकपाशी गेली. म्हणाली, "गाणं एकदा नवऱ्याला म्हणून दाखवलं. तेव्हापासून तो मागच्या रांगेत बसतो." सगळा हॉल माना वळवून माझ्याकडे!

घरी आल्यावर म्हणाली, "आता तिथंच बसत जा. माझं बोलणं मागं पोचलं नाही की खोका." शेवटपर्यंत ते काम केलं. नोकरी होती, पण ती पोटापुरती.

पुढं पुढं हिचा आवाज फार बसला. सारखं खोकावं लागे. रोज गरम पाणी करून द्यायचो. मुकाट्यानं प्यायची.

९ जानेवारी
गॅस पुन्हा पुन्हा बघून आलो. ही म्हणायची, "अहो, त्या गॅसनं तरी किती वेळा सांगायचं, मी बंद आहे म्हणून!"
आता कुणी बोलत नाही. गॅस बंदच असतो.

१२ जानेवारी
लेकीनं फोनवर हिचा शेवटचा कार्यक्रम लावून दिला. माझ्या शेजारी बसून तिनंच रेकॉर्ड केला होता. काही धड ऐकू येईना. बिघडलंय म्हटलं. पुसलं जाणार नाही ना? हिचा आवाज एवढाच उरलाय!

जावई धावत आला. "बाबा, आवाज कमी करा, शेजारी दार वाजवताहेत."
लेक नुसती माझ्याकडे बघत राहिली.

१३ जानेवारी
हिचे शब्द आठवतात. आवाज आठवेना. फार घाबरलो.

१७ जानेवारी
लेकीनं कानाच्या डॉक्टरकडे नेलं. म्हटलं, माझ्या कानांना काय धाड भरलीय? बिघडलंय ते रेकॉर्डिंग!
डॉक्टर म्हणाला, "आजोबा, हे आजचं नाही. बरीच वर्षं झालीत."
कानाचं यंत्र दिलं. हरवलं तर? भिजलं तर? डबीत ठेवून दिलंय.

२० जानेवारी
यंत्र लावलं. रेकॉर्डिंग ठणठणीत आहे!

हीच. हळू, मऊ बोलतेय. मागच्या रांगेपर्यंत सगळे खदाखदा हसताहेत. मग खोकला — माझा. लगेच ही ओरडून तोच विनोद पुन्हा सांगते. पुढून कुणीतरी म्हणतो, "अहो बाई, येतंय की ऐकू!"

ही म्हणते, "तुमचं हसून झालं हो. एक जण राहिलाय."