वाळू सरेपर्यंत

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, तर आधी चांगली बातमी वाच. आपली ठकी बोलली! माझ्याशी, स्वतःच्या आईशी, समोर बसून, आपणहून बोलली. एक-दोन वाक्यं नव्हेत, चांगली वीस मिनिटं. आणि ती बोलत होती तेवढा वेळ मी गप्प बसले. हो, मीच. हसू नकोस. घरी आल्यावर आरशासमोर उभं राहून मी स्वतःला शाबासकी दिली, एवढं ते अवघड होतं.

सात महिन्यांत ना तू फोन केलास ना मी, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. ठकीला उपचारांसाठी ठेवलंय ती दुमजली इमारत आहे, अकरा मुलंमुली, सगळी तेरा ते सतरा वयाची. कुणाच्याच खोलीला आतून कडी नाही. मोबाइल कपाटात बंद. सकाळी सातला उठायचं, आपली ताटली आपण धुवायची, गोळ्या नर्ससमोर गिळायच्या, दुपारी अभ्यास आणि मग गोल करून बोलायला बसायचं. पहिला महिनाभर आपली बाई त्या गोलात भिंतीकडे तोंड करून बसायची. दुसऱ्या महिन्यात एकदा नर्सचा फोन आला. मी पर्स उचलून निघालेच होते. पण त्या हसत होत्या. म्हणे ठकी बुद्धिबळात हरली, चिडली, सगळी प्यादी जमिनीवर फेकली आणि समोरच्या मुलीशी कडाकडा भांडली! ताई, जी पोर वर्षभर हूं की चूं करत नव्हती ती भांडली! मी त्या दिवशी आमच्या एसटी स्टँडवरच्या सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांना चहा पाजला. कशाबद्दल ते कुणालाच कळलं नाही.

माझ्याशी मात्र बोलणं बंद ते बंदच. दर गुरुवारी भेटायला जायचं, तिनं टेबलाकडे बघत बसायचं आणि मी एकटीनंच तासभर बोलून परत यायचं. शेवटी तिथल्या समुपदेशक बाईंनी मला आत बोलावलं. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पायात कापडी बूट, पण बोलणं अगदी सरळ. म्हणाल्या, ठकी बरी होतेय. आता घर तयार आहे का ते बघायचंय, त्याशिवाय तिला सोडणार नाही. मग त्यांनी टेबलावर वाळूचं घड्याळ ठेवलं. दहा मिनिटांचं. वाळू सरेपर्यंत मुलीनं बोलायचं किंवा नाही बोलायचं, तिची मर्जी. आईनं फक्त ऐकायचं. सल्ला नाही, प्रश्न नाही, 'हं' नाही, रडून दाखवणं नाही. आईनं तोंड उघडलं की भेट संपली, पुढच्या गुरुवारी या.

मला हसूच आलं. मनात म्हटलं, एवढंच ना? पण दिवसभर काचेच्या खोक्यात बसून, बटण दाबून, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीय हे ओरडून सांगणारी बाई मी. बावीस वर्षं माझ्या आवाजावर माणसं धावताहेत. ड्रायव्हर लोक मला पाठीमागे भोंगा म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

पहिल्या गुरुवारी मी चाळीस सेकंद टिकले. ठकी आत आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, केस का गं विंचरले नाहीस? ती उलट्या पावली परत. दुसऱ्या वेळी ती चक्क बोलायला लागली, 'सहावीत असताना...' एवढंच म्हणाली, आणि मी म्हटलं, सहावीत नाही, सातवीत. झालं! तिसऱ्या वेळी मी शब्द काढला नाही, पण 'च्च' केलं. ती उठली. दारात थांबून म्हणाली, आई, तुला जमणारच नाही. रागानं नाही गं म्हणाली, अगदी थकून म्हणाली. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले.

मग मात्र मी हट्टालाच पेटले. पोर घरी यायची असेल तर हे जमवायचंच. स्टँडवर झाडलोट करणाऱ्या काकू आहेत, त्यांच्या सुनेच्या तक्रारी मी रोज अर्ध्यातच तोडायचे. त्या आठवड्यात रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासमोर बसून सगळं ऐकलं, ओठ आतून चावून. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, बाई, तब्येत बरी नाही का?

आणि चौथा गुरुवार. ठकीनं घड्याळ उलटं केलं आणि मला म्हणाली, मी तुला तीनदा सांगितलं होतं.

ताई, मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते ना, पोरीनं मला कधी काही सांगितलंच नाही म्हणून? तिनं तीनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा मी कपडे वाळत घालत होते. वर्गातल्या मुली माझ्या बाकाला हातसुद्धा लावत नाहीत, म्हणाली. मी म्हटलं, लक्ष नको देऊस, आणि चिमटे मागितले. दुसऱ्यांदा ती स्कूटरवर मागे बसली होती. तिचं वाक्य मीच पुरं केलं, आणि तेही चुकीचं. तिसऱ्यांदा तिनं चिठ्ठी लिहून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवली. ती मी वाचली, आणि तडक शाळेत जाऊन शिक्षकांच्या खोलीत अशी काही गरजले की मधल्या सुट्टीत सगळ्या शाळेला कळलं. मला वाटत होतं मी लेकीसाठी वाघिणीसारखी लढले. ती म्हणाली, त्या दिवसानंतर मी ठरवलं, आईला काही सांगायचं नाही. मग तिची शाळाच सुटली, मग खोलीचं दार लागलं, आणि नंतर तिनं स्वतःचं जे करून घेतलं ते तुला ठाऊक आहे. ते पुन्हा लिहीत नाही.

माझ्या जिभेवर शंभर उत्तरं होती. मला कसं कळणार होतं, मी तुझ्याचसाठी गेले होते, मी एकटी कुठे कुठे पुरी पडू. एकही बाहेर काढलं नाही. खुर्चीची कड इतकी घट्ट धरली होती की बोटांवर वळ उठले. वाळू सरली. समुपदेशक बाईंनी घड्याळ उचलायला हात पुढे केला, तर ठकीनं ते आपल्याकडे ओढून घेतलं आणि विचारलं, अजून एकदा उलटं केलं तर चालेल का? ताई, काय सांगू! निवडणूक जिंकलेल्या माणसालासुद्धा असं वाटलं नसेल.

त्या दुसऱ्या दहा मिनिटांत ती तुझ्याबद्दल बोलली, आणि त्यासाठीच हे पत्र लिहितेय. तिला तिथे नेण्याआधी, ती दोन दिवस खोलीत कोंडून बसली होती, तेव्हा तू आली होतीस. शिवायला आलेले कुणाचे तरी पडदे मांडीवर घेऊन तिच्या दाराबाहेर दुपारभर टाके घालत बसलीस, अवाक्षर बोलली नाहीस. मला तर तुझा रागच आला होता. संध्याकाळी दार उघडलं ते माझ्या विनवण्यांमुळे, असंच मी धरून चालले होते. ठकी म्हणाली, मावशी काही विचारत नव्हती, म्हणून उघडलं. मला कुठेतरी घेऊन चला हे तिनं तुलाच सांगितलं होतं. तू तेच मला येऊन सांगितलंस, आणि मी तुला जिन्यात सगळ्यांसमोर म्हटलं, तुला मूल नाही, तुला काय कळणार. ताई, त्या दिवशी माझ्या मुलीचं मन एकट्या तुलाच कळलं होतं. मी फार वाईट बोलले. माझं चुकलं. पुढच्या शनिवारी अकरा वाजता ठकीला घरी सोडताहेत! न्यायला कोण येणार त्याचा फॉर्म तिनं स्वतः भरला. पहिल्या ओळीत 'मावशी' लिहिलंय, दुसऱ्या ओळीत 'आई'. क्षणभर मला झोंबलं, खोटं कशाला बोलू. मग मी खाली सही केली. तू मला माफ केलं नाहीस तरी चालेल, पण शनिवारी ये. तू आल्याशिवाय मी आत जाणार नाही, फाटकापाशी उभी असेन.

तुझीच,
धाकटी